चौकटीची पिवळी पट्टी

संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ फेब्रुवारी १९८०

प्रिय दादा,

शालनचा जयभीम. वहिनीला सांग आणि पोरांनाही.

काम निघालं की बहिणीला भाऊ आठवतो, असं म्हणशील. म्हण. तू इतकी वर्षं बसच्या वर्कशॉपात रंगकाम करतोस, मग दुसऱ्या कुणाला विचारू? प्लास्टिकला रंग कसा लावायचा?

आमच्या बाहेरच्या दाराची चौकट आणि भिंत यांच्यात फट आहे. तिच्यावर ठोकलेल्या लाकडी पट्ट्या पावसानं कुजल्या होत्या. दिवाळीत ह्यांनी कंपनीतल्या मित्राच्या ओळखीनं प्लास्टिकच्या पट्ट्या आणून ठोकल्या. चार बोटं रुंद, राखी रंगाच्या. एकदम आणल्या म्हणून ओळीतल्या सगळ्याच घरांना त्याच लागल्या. आता आमची आठही घरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात.

मला आमच्या पट्टीला वेगळा रंग द्यायचाय. खिडकीच्या गजांचा तेलरंग थोडा उरला होता, तो लावून पाहिला. दोन दिवस झकास दिसला, मग पोपडे धरले. काल एक टोक नखानं उचललं तर हातभर रंग सापाच्या कातीसारखा निघून आला. हे खूप हसले. मामंजी ओट्यावर बसले होते, ते हसले नाहीत. "काय निघालं गं?" एवढंच विचारलं.

सरळ दारच का रंगवत नाहीस, असं तू विचारणार. अरे, आमच्याकडे दार दिवसभर सताड उघडं. फळी आत भिंतीला टेकलेली. बाहेरून जी दिसते ती पट्टीच. आणि रंग कशाला हवा म्हणशील, तर हौस.

लवकर लिही.

तुझी
शालन

*

चिकलठाणा, औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९८०

चि. शालन,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या बहिणीला पिंपरीचं वारं लागलं, आता प्लास्टिकला रंग देतेय, उद्या लोखंडाला अत्तर लावील.

नीट ऐक. प्लास्टिक गुळगुळीत असतं आणि वरून तेलकट. रंगाला धरायला जागाच नसते. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पट्टी खसखसून धू. वाळली की बारीक पॉलिश पेपरनं घास. चमक पार मरेपर्यंत घास, कंटाळा करू नकोस. फडक्यानं धूळ पुसून घे. थिनर लावू नकोस, प्लास्टिक मऊ पडतं. मग अस्तराचा एक हात दे. माझी ही चिठ्ठी दाखवलीस की कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळेल. एक दिवस थांब. मग रंगाचे दोन हात, तेही पातळ. तू भाकरीवर लोणी थापायचीस तसा रंग थापू नकोस.

आता मला सांग, तुला हौस कधीपासून? लग्नात चुडा कुठल्या रंगाचा भरू म्हणून कासारानं विचारलं तर "कुठलाही" म्हणालीस. आईनं डोक्याला हात लावला होता. तीच तू ना?

मामंजींना आणि यशवंतरावांना जयभीम.

तुझा
भिवादादा

*

संत तुकाराम नगर
१८ एप्रिल १९८०

प्रिय दादा,

तू सांगितलंस तस्सं केलं. तीन दुपारी पट्टी घासत होते. बोटांची सालं निघाली पण रंग बसला. नखानं खरवडून पाहिला, हलला नाही. शेजारच्या छबूबाई येता-जाता बघून म्हणायच्या, "बाई, चौकटीला एवढं, तर घरात काय काय करशील!"

पण आमचं नशीब बघ. मी गडद निळा घेतला. लांबून उठून दिसेल असं वाटलं. आमचं दार पश्चिमेचं, आणि हे एप्रिलचं ऊन. दुपारनंतर पट्टीला हात लावावा तर चटका बसतो. आठ दिवसांत ती मधोमध फुगली. दोन खिळे उपटून बाहेर आले. आता दाराला पोट सुटल्यासारखं दिसतं. ह्यांनी खिळे परत ठोकले तर दुसरीकडून फुगली.

आणि एवढं करून निळ्याचा उपयोग झालाच नाही. संध्याकाळी तो काळाच दिसतो. दाराच्या अंधारात मिसळून जातो, ओळखूच येत नाही.

काय करू सांग. मी दमले रे.

शालन

*

(पोस्टकार्ड)

चिकलठाणा
२५ एप्रिल १९८०

चि. शालन, गडद रंग ऊन पितो आणि प्लास्टिक वितळायला बघतं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. फिकट रंग लावायचा. पण तुझं पत्र दोनदा वाचलं. ओळखू येत नाही, ते कुणाला? चौकटीच्या रंगासाठी माणूस दमले म्हणून लिहीत नाही. यशवंतराव पाळीवरून येताना घर चुकतात की काय? प्यायला तर लागले नाहीत? काय असेल ते दादापासून लपवू नकोस. मी आहे. भिवा

*

संत तुकाराम नगर
३ मे १९८०

प्रिय दादा,

तुला इतकी वर्षं ओळखते, तरी तू असं उघड्या कार्डावर लिहिशील असं वाटलं नव्हतं. पोस्टमननं कार्ड ह्यांच्याच हातात दिलं. तेव्हापासून रोज कंपनीतून आले की ओट्यावरून ओरडतात, "शालन, दार उघड, दारुडा आलाय!" चिडले नाहीत, काळजी करू नकोस.

पण तू विचारलंस ते बरं केलंस. मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

दिसत नाही ते मामंजींना.

त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही. पण मी दिवसभर घरात असते, मला कळल्याशिवाय कसं राहील? पाणी ओतताना तांब्याच्या काठात बोट घालून ठेवतात. विहारात रोज संध्याकाळी सगळ्यांना पेपर तेच वाचून दाखवायचे. डेपोतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांचा नेम होता, आवाज असा की रस्त्यावर ऐकू यायचा. आता गळा धरलाय म्हणतात. वर्ष होत आलं, गळा काही सुटत नाही. मी एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर ताटावरून उठून गेले.

पूर्वी आमची लाकडी पट्टी एका जागी फुटलेली होती. विहारातून येताना ते भिंतीच्या कडेकडेनं हात लावत यायचे. फुटका कोपरा हाताला लागला की आत वळायचे. मला ते माहीत होतं, ह्यांना नव्हतं. ह्यांनी हौसेनं नवी पट्टी ठोकली आणि मामंजींचं घर हरवलं. उजेड आणि फिकट रंग त्यांना थोडा कळतो. म्हणून माझी ही रंगाची धडपड. पट्टीला नुसती खूण करावी असंही मनात आलं, पण पुन्हा सगळ्यांची दारं चाचपत आले तर कधीतरी लोकांच्या लक्षात येईल.

मागच्या आठवड्यात व्हायचं ते झालं. ते आमच्याच ओळीतल्या मारुतरावांच्या घरात शिरले. मारुतरावांची नवी सून रंभा एकटीच होती, न्हाऊन मोरीतून नुकती बाहेर आलेली. ती किंचाळली. माणसं जमली. मारुतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "धोंडीबा, या वयाला हे शोभतं का?"

दादा, एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. दिसत नाही, एवढं. नाही बोलले. मान खाली घालून उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं, तर माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी फुटली. लोकांनी वाईट समजलेलं चाललं त्यांना, आंधळं समजलेलं नाही.

ह्यांना मी मग सगळं सांगितलं. हे म्हणाले, उद्यापासून बाहेर जायचं नाही. ह्यांचंही खरं आहे, ह्यांना बापाचा अपमान बघवत नाही. पण मामंजी आता ओट्यावरही येत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

शालन

*

(पोस्टकार्ड)

चिकलठाणा
९ मे १९८०

चि. शालन, शनिवारी १७ तारखेला येतो. सगळं सामान घेऊन येतो, तू फक्त पट्टी सरळ करून ठेव, नाहीतर नवी आणून ठोकायला सांग. यशवंतरावांची माफी समक्ष मागीन. तब्येत सांभाळ. भिवा

*

संत तुकाराम नगर
२ जुलै १९८०

प्रिय दादा,

तू गेलास आणि घर चार दिवस सुनं सुनं वाटलं. आधी चांगलं ते सांगते.

तू पट्टीला लावलास तो पिवळा लागू पडला. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मामंजींना म्हटलं, विहारात जाऊन या, मी ह्यांना सांगते. ते नको नको म्हणत गेले. मी खिडकीत उभी. येताना भिंतीला हात न लावता, रस्त्याच्या मधून आले. आमच्या दारासमोर आले, थांबले, थोडी मान वर केली. आणि नीट आत आले. चप्पल काढली. म्हणाले, "शालन, च्या टाक." दादा, मी चहात दोनदा साखर घातली. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

उन्हानंही काही झालं नाही. पट्टी अजून सरळ आहे. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या मेहुण्यानं केलंय.

आता दुसरं ऐक. जाताना उरलेला डबा तू मारुतरावांना दिलास का? आणि कसं घासायचं, कसं धुवायचं, तेही शिकवलंस ना? नाही म्हणू नकोस, मला माहीत आहे. त्यांनी आपल्या पट्टीला तोच पिवळा लावला. तो बघून छबूबाईंनी लावला. मग कुणीतरी दुकानातून तसाच मोठा डबा आणला आणि एका रविवारी अख्खी ओळ पिवळी झाली. लोक म्हणतात, काय शोभा आलीय! मी रडू की हसू?

त्यांना का म्हणून अडवणार? कारण सांगता येत नाही. म्हणून आता मी रोज संध्याकाळी दारात उभी राहते आणि मामंजी ओळीच्या तोंडाशी दिसले की खोकते. ते खोकल्याच्या दिशेनं येतात. दोघंही काही बोलत नाही. परवा छबूबाई काढा घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरी, जुना खोकला बरा नाही." तोही प्यायले.

शालन

*

चिकलठाणा
९ जुलै १९८०

चि. शालन,

हो, मीच दिला. काय करू, माणूस जवळ येऊन म्हणाला, "पाव्हणं, काय रंग बसलाय!" मी विरघळलो. मारुतराव म्हणजे तेच, हे डबा दिल्यावर लक्षात आलं. तुझी वहिनी कालपासून मला "दानशूर" म्हणून हाक मारते.

रंग पुन्हा बदलता येईल. पांढरा लावू, पट्टे मारू. पण तेही लोक उचलतील. शालन, मी आयुष्यभर रंगच लावत आलो, म्हणून सांगतो. रंगानं एवढंच होतं. पुढचं काम डॉक्टरचं आहे. आमच्या वर्कशॉपातल्या चिमाजी मिस्त्रीचा मोतीबिंदू सरकारी दवाखान्यात काढला, तो आता सुईत दोरा ओवतो. तुझ्या मामंजींचंही तेच असलं तर? नुसत्या लाजेपायी माणसानं अंधारात बसायचं?

तू बोल त्यांच्याशी. तुला होत नसेल तर मी लिहितो. पण माझं पत्र त्यांना तूच वाचून दाखवणार, म्हणजे पुन्हा तुलाच बोलावं लागणार.

खोकला जपून खोक. खरा लागेल.

भिवादादा

*

संत तुकाराम नगर
२१ जुलै १९८०

प्रिय दादा,

मला बोलावं लागलंच नाही.

परवा रेशनच्या दुकानात साखर आली होती. रांग हलेना. मला उशीर झाला. पिशव्या घेऊन धावत ओळीच्या तोंडाशी आले तर मामंजी रस्त्याच्या मधोमध उभे. ओळभर पिवळंच पिवळं. ते मान इकडे करायचे, तिकडे करायचे. माझा खोकला शोधत होते रे. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली आणि पेपर वाचायचा तो जुना आवाज काढला.

"अरं, कुणी हाय का? मी धोंडीबा. मला दिसत न्हाई. वरीस झालं. माझं घर कंचं, तेवढं सांगा."

दारादारात माणसं आली. मारुतराव बनियनवर उभे होते. मी हातातल्या पिशव्या खाली ठेवायला वाकले.

माझ्याआधी रंभा पुढे आली. पदर सारखा केला आणि त्यांचा हात धरला. "चला मामा, मी नेते."

ते तिच्याबरोबर चालत आले. आमच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "पोरी, त्या दिशी मी चुकून आलो व्हतो गं."

ती म्हणाली, "कळलं मामा. मी उगीच वरडले."

मग ती आणि मी, दोघी रडलो. मामंजी ओट्यावर बसून म्हणाले, "रडता काय? च्या टाका."

थोड्या वेळानं बाहेर करकर आवाज यायला लागला. बघते तर मारुतराव विळा घेऊन आपल्या पट्टीचा पिवळा खरवडतायत. निघेना. तू शिकवलेलं काम! घामाघूम झाले. मामंजी त्यांना म्हणाले, "राव, ऱ्हाऊ द्या. चांगला दिसत असंल." मारुतराव विळा टाकून त्यांच्याशेजारी येऊन बसले.

हे कामावरून आल्यावर मामंजींनी आम्हाला सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे असेच गेले होते. जत्रेतल्या एका माणसानं सुई घालून बरे करतो म्हणून सांगितलं. डोळे सडले आणि भाऊ महिनाभर ओरडत मेला. मामंजी तेव्हा त्याच्या उशाशी होते. "म्हणून मी बोललो न्हाई. बोललो असतो तर तुमी डाक्टरकडं नेलं असतं."

ह्यांनी वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली, ह्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी चिमाजी मिस्त्रींची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. मग म्हणाले, "दावू. पर भिवाजी संगं पायजे." मी विचारलं, दादाच का? तर हसले. "त्यो आला, माझ्यासाठी चौकट रंगवून गेला, आन मला कायबी विचारलं न्हाई. तसलं मानूस जवळ असलं की भ्या वाटत न्हाई."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. माझा खोकलासुद्धा.

रजा मिळेल का रे?

शालन

*

संत तुकाराम नगर, पिंपरी
११ जानेवारी १९८१

भिवाजी पाव्हणं यांसी,

धोंडीबाचा जयभीम. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितोय. अक्षर मोठं आलंय, ओळी डोंगर चढल्यागत गेल्यात, तेवढं चालवून घ्या.

मोतीबिंदू काढला, डोळ्यावरची पट्टी सुटली, मग पुढं सहा आठवडं काळा चष्मा व्हता. परवा दवाखान्यातनं जाड भिंगाचा मिळाला. एकाच डोळ्याचं काम झालंय, दुसऱ्याचं उन्हाळा सरल्यावर. भिंगातनं सगळं मोठं आन जवळ दिसतं. पाण्याचा पेला समोर वाटतो, हात घालावा तर पेला अजून वीतभर लांब. सून हसती. पांढरं एवढं पांढरं असतं, हे मी इसरलो व्हतो. लेंगा बघून म्हटलं, नवा घेतला काय? जुनाच निघाला.

तुमी दवाखान्यात आठ दिस माझ्या उशाला बसला. डोकं हलवायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं, तर रातभर तुमचा हात माझ्या कपाळावर. तुमच्या हाताला रंगाचा वास येतो. त्या वासावर मला झोप लागायची. तुमी कंदी विचारलं न्हाई, मी कंदी सांगितलं न्हाई. आता लिहिलं.

चष्मा लावला तवा पहिली समोर शालन व्हती. मी तिच्याकडं बघतच ऱ्हायलो. कानाशी केस पांढरं झाल्यात तिचं. डोळ्याखाली काळं आलंय. मी म्हटलं, पोरी, तू एवढी वाळलीस कवा? तर म्हणाली, मामंजी, मी पहिल्यापासनं अशीच हाय. खोटं बोलती. चांगलं बोलती पर खोटं बोलती. तुमी भाऊ हाय, तुमाला ठावं. आता मी तिच्या ताटाकडं ध्यान ठेवतो. दोन भाकरीवर न्हाई ऐकत.

यशवंता परवा मला सायकलवर डबलशीट घेऊन कंपनीच्या फाटकापातूर गेला आन गड्यांना दावलं, ह्यो माझा बाप, ह्याला दिसतंय. लाज वाटली. बरंबी वाटलं.

मग काल मी दाराची चौकट बघायला उठलो. शालनला वाटलं मी फिरायला निघालो. मी बाहेरनं उभा ऱ्हायलो आन वरपासनं खालपातूर बघितली. सरळ आलीया. कुठं ओघळ न्हाई. पिवळा रंग मला वाटला व्हता त्यापरीस उजळ निघाला, डोळ्याला लागतो जरा. पर एक सांगतो, रागावू नका. डाव्या बाजूला, कडीच्या थोडं वर, रंगात तुमच्या ब्रशाचा एक केस चिकटून ऱ्हायलाय. बोटभर लांब, वाकडा. सगळ्या वसाहतीला दिसला न्हाई, मला दिसला.

काढावा म्हणून नख लावलं, तर शालन आतनं वरडली, ऱ्हाऊ द्या!

ऱ्हाऊ दिला.

तुमचा
धोंडीबा